तांबडा, पांढरा आणि पिवळा

आठव्या गल्लीत मुजावरांचं दुकान आहे,
दुकान म्हणजे जिन्याखालचा कोपरा.
खिळ्याखिळ्याला वायरींची वेटोळी,
एखाद्या सर्पमित्रानं निवृत्तीनंतर थाटल्यासारखं.

पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, टीव्हीची केबल द्या.
मुजावर हसले नाहीत.
"कुठनं कुठं?" एवढंच विचारलं, रिक्षावाल्यासारखं.
मला फक्त 'कुठं' माहीत होतं.
"ताई, दोन्ही टोकं बघून या.
नुसत्या लांबीवर केबल देत न्हाई मी."

टीव्ही भावानं पाठवलेला, भिंतीला चिकटलेला,
पाठ दाखवायला तयार नाही कुणाला.
मोबाइल फटीत सरकवून आंधळे फोटो काढले:
एकात माझा अंगठा, एकात पाल,
तिसऱ्यात एक चपटं भोक, खालचे कोपरे तिरके कापलेलं.
जुन्या व्हीसीआरच्या मागं मात्र तीन गोल,
धुळीतूनही ओळख देणारे.

"तांबडा-पांढरा म्हंजे आवाज," मुजावर म्हणाले,
"हे कोल्लापुरात सांगाय लागू नये.
पिवळा तेवढा ध्यानात ठेवा, चित्र त्याच्यातनं येतंय."
आणि हे चपटं?
"त्याच्यातनं दोन्ही. पण त्याची भाषाच येगळी.
मधी दुभाषा लागतोय. उद्या मागवतो."

मला उद्यापर्यंत दम निघाला नाही.
शाहूपुरीत, काचेच्या दारामागं, गार हवेत,
मी दुभाषा घेतला आणि वर सोन्याचं पाणी दिलेली केबल,
एकोणीसशे रुपये, मखमली पिशवीसकट.
घरी पडदा निळा. रात्रभर निळा.

मुजावरांनी केबल उजेडात धरली.
"मीटरभर अंतराला सोनं? गुजरीत मोडून या."
मग ती काडेपेटीएवढी डबी उलटी केली.
"बाण बघा. ही नव्यातनं जुन्यात नेतिया.
तुमाला जुन्यातनं नव्यात यायचंय."
बाण होता. तिळाएवढा.
अठरा वर्षं मी पोरांना कर्ता आणि कर्म शिकवते.

दोनशे ऐंशीला दुसरी डबी दिली, आणि ताकीद:
"हिला बी करंट लागतोय हां.
उपाशी दुभाषा बोलत न्हाई."

बाबा खुर्ची पुढं ओढून बसले होते, दाढी करून.
चौऱ्याण्णवची फायनल,
लग्नाच्या शूटिंगवाल्यानं गोलच्या मागं उभं राहून घेतलेली.
जाळीसमोर पाठमोरे बाबा, हातमोजे उसने.
तीस वर्षं आमच्या घरी एकच निकाल लागलाय:
तो गोल ऑफसाइड होता.
जावयाला सांगून झालं, दूधवाल्याला,
बीपी बघणाऱ्या पोरीलाही, पट्टा दंडाला असताना.

आधी निळा, मग मुंग्या, मग मैदान.
चेंडू सुटला. त्यांचा तो नऊ नंबर धावला.
आणि डाव्या खांबाजवळ, सगळ्यांच्या मागं,
आमचाच एक गडी निवांत शर्ट खोचत उभा.

बाबांनी मागं घ्यायला लावलं. पुन्हा. पुन्हा एकदा.
शर्ट दर वेळी खोचला गेला.

"रंगराव हाय त्यो," ते म्हणाले.
रंगरावकाका मागच्या दिवाळीत गेले.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग बाबा म्हणाले, "केबल बरोबर न्हाई ही.
हलकी आणलीस."

मी वाकले, पिनांवरून हात फिरवला,
म्हटलं एखादी सैल असेल,
आणि पिवळी हातात आली.
पडदा काळा झाला. सामना चालूच राहिला:
हलगी, शिट्ट्या, कुणाची तरी आई काढणारा कुणीतरी,
आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या पुढ्यातून,
बाबांचा आवाज, आत्ता माझा मुलगा आहे त्या वयाचा,
घसा फोडून:
"रंग्या, पुढं ये की रं! पुढं ये!"

पिवळी पिन माझ्या हातात होती.
"ऱ्हाऊ दे तशीच," बाबा म्हणाले.