बसेल त्याची

हेल्डूरची खुर्ची मंगळवारी सकाळी थांबली,
चूल आणि खिडकी यांच्या बरोबर मधे.
बॅटरी भरलेली. चाकं शाबूत.
छोट्या पडद्यावर एक तांबडं कुलूप
आणि खाली, अतिशय नम्र एस्टोनियनमध्ये:
अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधा.

अधिकृत तंत्रज्ञ तालिनला.
मधे समुद्र, फेरीबोट,
आणि तीन आठवड्यांची यादी.

हा माणूस एकतीस वर्षं
त्याच फेरीबोटीच्या पोटात उभा होता.
आवाजावरून सांगायचा
कुठला वॉल्व्ह रुसलाय.
एका जानेवारीत, बोट बर्फात अडकली तेव्हा
पंपाचा वायसर त्याने कापून काढला होता
स्वतःच्या बुटाच्या चामड्यातून.
त्याला आता
स्वतःच्या बुडाखालचा एक स्क्रू
फिरवायची परवानगी नाही.

स्क्रू मीही पाहिला.
पाच पाकळ्यांचा, मधे एक टोक वर आलेलं,
घरातल्या कुठल्याच पान्याला दाद देणार नाही
असा मुद्दाम घडवलेला.
कुणीतरी बसून विचार केला असेल त्याच्यावर,
पगार घेऊन.

"बॅटरीची वायर सुटली होती," हेल्डूर म्हणाला,
"रविवारी मी जोडली. दोन मिनिटांचं काम.
तिला ते कळलं.
तिने वर कळवलं."
तिने, म्हणजे खुर्चीने.
वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं;
त्याने बोट छताकडे केलं
आणि लगेच खाली घेतलं.
भिंतींना कान होते त्या वर्षांत, म्हणाला,
आम्ही असंच करायचो.

फोनवरची मुलगी चांगली होती, हे सांगायला हवं.
लीस नाव. दोनदा माफी मागितली तिने.
म्हणाली, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हे,
कुणी काहीतरी जोडलं आणि उतारावर तुम्ही...
तेही खोटं नाही.
कुणीही उघडलेल्या विमानात
मीही बसणार नाही.

"मग पावतीवर माझं नाव का?"
तिकडे बराच वेळ
नुसती कीबोर्डची टकटक.
"पावती खुर्चीची आहे. आतल्या प्रणालीचा
तुम्हाला फक्त परवाना."

म्हणजे लोखंड तुझं,
चालणं आमचं.

हेल्डूरने फोन ठेवला नाही.
तसाच चालू ठेवला टेबलावर, उताणा,
आणि मला म्हणाला, खालच्या खणातली कानस दे.
बोटीवरच्या एका जुन्या पान्याचं टोक
तो घासत बसला. पाच पाकळ्या.
मधे बारीक भोक.
लोखंडाचा चुरा मांडीवरच्या कांबळ्यावर साठत गेला.
फोनमधून मधूनच: हॅलो? तुम्ही आहात ना?

कुलूप तांबडंच राहिलं.
पण साडेचारच्या सुमाराला, अंधार पडल्यावर,
स्क्रू हलला,
अर्धा आटा,
आणि हेल्डूरने मान कलती केली,
इंजिन ऐकायचा तशी.