कोरडा कचरा

सुरुवात मिक्सरपासून झाली.
मोटर जळाली तेव्हा दुकानदार म्हणाला, नवीन घ्या, तेच परवडेल.
चित्रलेखा म्हणाली, कोणाला?
आणि मिक्सर पिशवीत घालून
दोन बस बदलत रविवार पेठेत गेली.
तिथल्या बोळात एका माणसानं
तांब्याची तार केसासारखी गुंडाळत
तिला दीड तास स्टुलावर बसवून ठेवलं,
चहा पाजला, तीनशे वीस रुपये घेतले.
घरी आली ती निराळीच होऊन.

मग एक वही आली.
काही हवंसं वाटलं की वहीत लिहायचं,
तीस दिवस थांबायचं, पुन्हा वाचायचं.
माझ्या अक्षरात: एअर फ्रायर.
रेवाच्या: पांढरे बूट, सगळ्यांकडे आहेत ते.
कैवल्यच्या, पेन्सिलीनं: कुत्रा.
महिन्यानं एअर फ्रायर कशाला हवा होता
ते मलाच आठवेना.
बुटांपुढे रेवानं लिहिलं, "अजूनही".
कुत्रा दर महिन्याला नव्यानं लिहिला जातो.

खोटं कशाला सांगू, जड गेलं.
खताच्या बादलीत अळ्या झाल्या.
शेजारचे मेहेंदळे दारात उभे राहून
वास येतोय असं न म्हणता
"आज काही विशेष केलंय का?" विचारून गेले.
गाडी विकली तेव्हा सासऱ्यांनी
आठ दिवस फोन उचलला नाही.
रेवाच्या वाढदिवसाला मैत्रिणींना द्यायला
चित्रलेखानं जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या, अकरा.
मुली गेल्यावर सोफ्यामागे सात सापडल्या.
बाथरूममध्ये नळ सोडून रेवा रडत होती.
मी दारावर टकटक केली, म्हटलं,
"बेटा, नळ..."
आणि जीभ चावली.

लोचनाबाई साडेसातला येतात.
ढकलगाडी खाली, अंगात हिरवा कोट,
चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानं,
कारण लिफ्टमध्ये कचरा नको, असा ठराव आहे.
गेल्या मार्गशीर्षात त्यांनी आमचा डबा उचलला
आणि हातातच थोडा झुलवला, तोलल्यासारखा.
"दादा, तुमच्याकडं हल्ली काय बी निघत नाय."
मी कौतुक समजून हसलो.
त्या हसल्या नाहीत.
"पुठ्ठा नाय, बाटली नाय.
तुमच्या फीवर नाय भागत ओ, भंगारावर भागतं."

त्या संध्याकाळी वहीत कुणी काही लिहिलं नाही.
चित्रलेखा बराच वेळ पेनाचं टोपण
काढत होती, लावत होती.
महिनाअखेर आम्ही पाकिटात दुप्पट पैसे घातले.
लोचनाबाईंनी जिन्यातच मोजले,
वरचे काढून माझ्या हातावर ठेवले.
"फुकटचं नको. तुमचं राहू द्या,
सहाव्यावर लय निघतं.
दिवाळीत तर तिथं दोन फेऱ्या होत्यात."
मग बादलीकडे बोट करून,
"त्येवढं खत द्या. दोडका लावायचाय."

दांडेकर पुलाजवळ, आठ बाय दहाच्या घरावर,
रंगाच्या रिकाम्या डब्यात
आमच्या सालींवर वेल चढला, पत्राभर पसरला.
(हे रेवानं सांगितलं.
पोत्यातलं खत पोचवायला तीच गेली होती,
जुन्याच बुटांत,
आणि उशिरा आली, न विचारता सांगत सुटली:
त्यांच्याकडे एकच मोठं पातेलं आहे, बाबा,
आणि त्यात सगळंच होतं.)

श्रावणात वर्तमानपत्रात गुंडाळून चार दोडके आले.
कोवळे, धारदार शिरांचे.
चित्रलेखा ते न्याहाळत असताना
लोचनाबाई दोन पायऱ्या उतरून परत वळल्या.
"शिरा टाकू नका. चटणी करा,
तीळ घाला, लसूण घाला."
वर्षभर आम्ही चौघं काय काय शिकलो
त्याची वही भरत आली होती,
आणि ही बाई शिरांची आठवण करून देत होती.

रविवार पेठेतली मोटर घरघरली.
चटणी जाडसर झाली, तिखट जरा जास्तच.
वर्तमानपत्राचा तो कागद
मी नीट घडी घालून
कोरड्या डब्यात ठेवला.
त्यांच्यासाठी. एवढाच होता.