ऐनवेळचा विषय

कूलर बंद करा, अध्यक्षबाई म्हणाल्या,
आवाजाच्या नियमावर बोलताना एकमेकांचं काही ऐकू येईना.
डोमाजी शिपायाने बटन दाबलं.
पातं अजून थोडं फिरलं, वाळ्याची ताटी टपटपत राहिली,
आणि नवतप्याची दुपार कोणाची परवानगी न घेता
सभागृहात येऊन बसली.

मी इतिवृत्त लिहितो. बावीस वर्षं झाली.
माझ्या भाषेत भांडणाला 'सविस्तर चर्चा' म्हणतात,
तावातावाने उठून जाण्याला 'काही सदस्य अनुपस्थित'.
सगळे गप्प झाले तर त्याला माझ्याकडे शब्द नाही,
तेव्हा मी फक्त पेनाला टोपण घालतो.

विषय क्रमांक सात.
रात्री दहा ते सकाळी सहा स्लॅब टाकायचा नाही,
मिक्सर फिरवायचा नाही, सळई कापायची नाही.
मुनघाटे सर उठले. माझ्या भिंतीला लागून
सात माळे चढून राहिले. रात्री दोनला व्हायब्रेटर लागते,
अन् ग्लासातल्या पाण्यात माझी कवळी थरथरते.
सगळे हसले.
हसणं मी लिहीत नाही.

मग एक नर्सबाई, मेडिकलमध्ये कायमची रात्रपाळी.
मी सकाळी आठला येते, नऊला आडवी होते.
तुमच्या या नियमात माझी रात्र कुठं आहे जी?
अध्यक्षबाईंनी कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

दुकालूला कोणी बोलावलं नव्हतं.
बिलासपूरकडचा मुकादम, ठेकेदाराच्या फायली धरायला आलेला.
फायली खाली ठेवून त्याने दोन्ही पंजे उघडले,
हात धुतले का, असं आईने विचारल्यासारखे.
दिन में लोहा पकड़ में नहीं आता, साहब.
एवढंच.
तळव्यांवर सळईच्या पिळाचे चट्टे,
आडवे, एकसारख्या अंतरावर,
माझ्या रजिस्टरच्या ओळींसारखे.

मी टोपण घातलं.

विषय क्रमांक आठ, विकास आराखडा, पुढची वीस वर्षं.
खोब्रागडे मॅडमनी टेबलं जोडून नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर पाण्याच्या चार बाटल्या.
पिवळं म्हणजे राहायचं, निळं म्हणजे दुकानं,
हिरवं म्हणजे अजून कोणी विकत न घेतलेलं
(हे त्या म्हणाल्या नाहीत, मी म्हणतो).
नागपूर तोवर आपल्याला गिळून पुढे गेलेलं असेल.
बोकडेताईंनी विचारलं, अन् ऊन कोणत्या रंगात?
सूचीत नाही, मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा पुसला.
एका बाटलीखाली पाण्याचं वर्तुळ उमटलं,
बरोबर माझ्या गल्लीवर.
वाळेपर्यंत मी त्याला तलाव धरून चाललो.

ऐनवेळचा विषय बोकडेताईंचा.
एप्रिल ते जून, दुपारी बारा ते चार, सगळं बंद.
मजूर सावलीत, नर्सबाई झोपेत,
हरवलेले तास पहाटे चारपासून भरून घ्या.
अनुमोदक कोण? बराच वेळ कोणी नाही.
मग मुनघाटे सर, बसल्याबसल्या, अर्धा हात:
व्हायब्रेटर तेवढं अकराच्या आत.
ठेकेदार फोनवर बोलत बाहेर गेला.
प्रशासनाने तपासून अहवाल सादर करावा, असं ठरलं.
म्हणजे काहीच ठरलं नाही,
पण हे वाक्य मी पहिल्यांदा हळू लिहिलं.
कूलर पुन्हा सुरू झाला.

रात्री साडेअकराला परतलो, तर सातव्या माळ्यावर बल्ब.
काम सुरू. नियम कुठे झाला होता अजून.
शेजारच्या गच्चीत मुनघाटे सर, बनियनवर, तोंडात दात नाहीत,
हातवारे करत दुकालूला काहीतरी सांगून राहिले होते.
ऐकू कोणालाच येईना.
दुकालूने व्हायब्रेटर बंद केलं, फक्त 'क्या?' म्हणायला.

सगळी गल्ली एकदम रिकामी झाली.
कुठल्यातरी घरातला पंखा ऐकू आला.
सर थोडा वेळ तसेच उभे.
काही नाही रे बावा, म्हणाले. चालू दे.