वायसर

उत्पादन क्रमांक चार-शून्य-सात.
अंगठ्याच्या नखाएवढा वायसर,
नगाला अकरा डॉलर.
बावीस वर्षं मी त्याची बिलं फाडतोय.
तो जातो कुठे,
हे विचारायचं कधी सुचलं नाही.

मार्चमध्ये सगळ्या ईरी शहराला टाळं लागलं.
समोरचा न्हावी, कोपऱ्यावरचं पिरोगीचं दुकान,
लग्नाचे सूट भाड्याने देणारा ग्रीक.
सरोवरावरचा वारा तेवढा
रस्त्यात मोकळा फिरायचा, बिनमास्कचा.
आम्हीही दिवे मालवत होतो, तेवढ्यात पत्र आलं:
आपण राष्ट्रीय सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहात.
ब्रोनियाबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
म्हणाल्या, "बँकेला कळवलंय का हे कुणी?"

कुणी कळवलं नव्हतं.
फोनवर तीन तास एकच बासरी वाजत राहिली.
आमची पाळी आली तेव्हा पंगत उठली होती,
बड्यांनी ताक पिऊन हातही धुतले होते.
एप्रिलचा पगार बाईंनी
नवऱ्याची बोट विकून केला.

त्याच आठवड्यात कळलं,
वायसर पाणबुडीत बसतो.
किती खोल, ते सांगायचं नसतं.

लेस्टर ओगडेन सोमवारी खोकला.
त्याचं मशीन त्याच्याहून थोडंसंच लहान;
सकाळी चालू करताना त्याच्या डाव्या कुशीवर
तो तळहाताची एक थाप मारायचा.
किती जोरात,
ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.
इस्पितळात त्याच्या घशात नळी घातली.
त्या नळीच्या सांध्यातही असेल एखादा वायसर,
कुणाच्या तरी शेडमध्ये कातलेला,
जिथे बिलं फाडणाराला ठाऊक नसेल
तो लेस्टरपाशी पोचलाय.

अकरा दिवस.
फुलं पाठवायला फुलवाला उघडा नव्हता.

मग माल परत येऊ लागला.
केसाच्या विसाव्या हिश्शाने मोठा.
वॉशिंग्टनहून एका सभ्य आवाजाने विचारलं,
"हा भाग दुसरं कोणी बनवतं का?"
मी म्हटलं, बफेलोला एकजण होता.
मे महिन्यात त्याने मशिनं भंगारात काढली.
हल्ली मेणबत्त्या करतो. वासाच्या.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
तेवढ्या खोल समुद्र असाच ऐकू येत असावा.

आता थुई येते, एकोणीस वर्षांची,
आईचं नखं रंगवायचं दुकान बुडालं म्हणून.
तिसऱ्या दिवशी तिला दिसलं:
मशीनच्या डाव्या कुशीवरचा हिरवा रंग
एका तळहाताएवढा उडालाय.
तिने त्यावर स्वतःचा हात ठेवून पाहिला.
लहान पडला.

पहिली थाप हलकी गेली.
दुसरी जास्तच.
ब्रोनियाबाई मायक्रोमीटर घेऊन उभ्या,
मास्कच्या आत ओठ मोजत असावेत.
मी परत आलेल्या मालाचं पान उघडं ठेवलंय,
पेनाचं टोपण काढून.