बुधवारचा मचवा

सहा दिवस मी दाभोळच्या धक्क्यावर तिकिटं फाडतो.
माणसाचं, स्कूटरचं,
गाय चढली फेरीबोटीत तर गायीचंही.
बुधवारी सुट्टी.
बुधवारी मी जहाज बांधतो,
पडवीत, उज्ज्वलाच्या शिलाईमशीनचा पाट उलटा टाकून,
दीड वीत लांबीचं.

पहिल्या बुधवारी कणा झाला. फणसाचा.
वाऱ्यानं पडलेली फांदी चुलीत जायच्या आत
एक ओंडका मी पळवला,
आणि रंधा मारताना असा वास सुटला
की धाकटी विचारत आली, काय शिजतंय.

दुसऱ्या बुधवारी फासळ्या.
बांबूच्या कामट्या, उकळत्या पाण्यात, चहाच्या पातेल्यात.
सतरा वाकल्या, नऊ तुटल्या.
पातेल्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

तिसरा वाया. हवा इतकी ओली की सरस वाळेना,
माझ्या बोटांना चिकटला, फळ्यांना नाही.
चौथ्या बुधवारी पाहतो तर उंदरानं तो खाल्लेला,
आणि त्याच्यासोबत डाव्या अंगाच्या तीन फळ्या.
उजव्या अंगाला त्यानं तोंडही लावलं नव्हतं.
त्याचाही काही हिशेब असेल.

मग दोन बुधवार मी मचव्याकडे पाठ फिरवली
आणि किनाऱ्यावर गेलो.
भांग असला की समुद्र हात आखडता घेतो,
उधाण ओसरल्यावर देतो:
जाळ्याची बुचं,
औषधाच्या बाटलीत घर केलेला खेकडा (तो परत सोडला),
निळ्या काचेचा तुकडा, लाटांनी असा घासलेला
की धाकटीनं खडीसाखर म्हणून तोंडात टाकला,
आणि चपला, सगळ्या डाव्या पायाच्या.
उजव्या कुठे लागतात
ते कधीतरी पलीकडच्या गावाला विचारलं पाहिजे.

प्रत्येक वस्तूला मी चिठ्ठी बांधतो, तिथी आणि भरतीची वेळ.
कुणाची होती ते कळत नाही.
कधी मिळाली एवढं तरी कळावं.

सहाव्या बुधवारी खिळा मिळाला.
चौकोनी, बोटभर, हिरवा पडलेला.
पितळेचा म्हणून मी मुकादम चाचांकडे नेला.
त्यांच्या डोळ्यांत आता पडदा आलाय,
त्यांनी जिभेनं पाहिला.
तांबं आहे, म्हणाले, पितळ नव्हे.
जुन्या गलबताचं. लोखंडाला खारं पाणी खातं.
मग मचवा मागितला,
तळहातावर उपडा करून अंगठा फिरवला कण्यावरून,
बाजारात बांगडा बघावा तसा.
नाळ उंच झाली, वारा पोटात घेईल.
शीड कसलं?
धाकटीच्या जुन्या गणवेशाचं, मी म्हणालो.
ते इतके हसले की खोकला लागला,
सुनेनं पाणी आणलं आणि माझ्याकडे रागानं पाहिलं.

नाळ उतरवण्यात तीन बुधवार गेले.
फळ्या नव्या बसवल्या, ऐनाच्या, उंदराला दात लागू नये अशा.
सुकाणू दोनदा उलटं लागलं.

आणि काल, दहाव्या बुधवारी,
विहिरीजवळच्या दगडी दोणीत मचवा सोडला.
तरंगला.
पण डावीकडे कलून,
एका कानानं कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा.
ऐन जड, फणस हलका,
हे मला, तिकिटांबरोबर वजनाच्या पावत्याही फाडणाऱ्याला,
आधी सुचू नये!

उज्ज्वला धुणं पिळत होती. ती म्हणाली,
उजवीकडे काहीतरी ठेव ना.
डब्यातून मी तो खिळा आणला,
चिठ्ठी सोडवली,
आत उजव्या फासळ्यांशी आडवा निजवला, नीरम म्हणून.
मचवा सावकाश सरळ झाला.
साबणाचा फेस त्याच्या नाळेवरून दुभंगून गेला,
धाकटीनं फुंकर घातली, गणवेशाचं शीड फुगलं,
दोणीच्या या काठावरून त्या काठाला
एक फेरी पुरी झाली, बिनतिकिटाची.

मग पाणी शिरलं.
कुठून, ते पुढच्या बुधवारी.