तिकीटखिडकी

वाल्पाराइसोच्या टेकडीवर
रुळांवरून खडखडत चढणारा लाकडी डबा,
त्याची तिकिटं फाडते मी.
बारा वर्षं झाली.
लोकांचे गुडघे वाचवायचे पैसे मिळतात मला.

आमारोला तिकीट लागायचं नाही.
शाळा सुटली की यायचा, काचेला नाक लावायचा,
मी आतून बिस्किटांचा पुडा सरकवायची
आणि डबा त्याला उचलून वर नेऊन सोडायचा,
तान्हा असताना मी न्यायची, तसा.

"छान बाळसं धरलंय हो," म्हणायची शेजारची दोमितिला.
नवव्या वर्षीही धरूनच होतं.
मग गणिताच्या तासाला
शर्टाचं तिसरं बटण उडालं.
पोरांनी ते परत दिलं नाही.
हे त्याने मला सांगितलं नाही.
धुवायला टाकलेल्या शर्टाने सांगितलं:
पांढऱ्या कापडावर लाल दोरा,
भलतंच बटण, गाठीवर गाठ.

दवाखान्यातल्या सेनोबियाने त्याचं वजन केलं,
वही मिटली आणि मलाच विचारलं,
"घरात पाणी कोण कोण पितं?"
सगळेच, म्हणणार होते.
मग आठवलं, आमच्या टेबलावर पाणी
फक्त फुलदाणीत असतं.
"पोराला उपाशी ठेवू नका, वाढतं वय आहे.
त्याच्या ताटात डोकावू नका.
आपापल्या ताटात बघा."

राग आला मला.
संध्याकाळी हॉटेलच्या फरशा पुसायला निघताना
त्याच्या उशाशी ठेवलेलं चॉकलेट
म्हणजे काय गुन्हा होता?
ते 'येते हं' होतं.
दुसऱ्या कशाने 'येते हं' म्हणायचं
मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे पाकिटांवर काळे अष्टकोन छापतात,
साखर जास्त, मीठ जास्त.
एका रविवारी आमारोने कपाट उपसलं,
जमिनीवर पालथा पडून मोजले.
एकतीस.
"आई, रस्त्यावरची 'थांबा'ची पाटी अशीच असते ना?
मग आपल्या कपाटात कुणी थांबतच नाही!"
बेलिसारियो हसला
आणि आपली कोल्ड्रिंकची बाटली टेबलाखाली, पायाशी सरकवली.
दोन महिने ती तिथेच असायची.
खोटं कशाला बोलू.

पाव सोडला नाही आम्ही.
संध्याकाळच्या चहाला गरम मार्राकेता नसेल
तर ते घर कसलं?
पण चाराचे दोन झाले, पोटात अवोकाडो आला,
आणि टीव्ही बंद झाला.
पहिला आठवडा नुसते एकमेकांचे चावण्याचे आवाज.
मग कधीतरी आमारो बोलायला लागला.
बटणाचं तेव्हा कळलं, सगळं.

पायऱ्यांचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.
एका गुरुवारी डबा मध्येच अडकला,
तो दप्तर सावरत बाजूच्या जिन्याने निघाला.
शुक्रवारी डबा दुरुस्त झाला,
तरी हा जिन्यानेच.
एकविसाव्या पायरीवर एक पिवळा कुत्रा बसतो,
तो वाट बघतो म्हणे.

खिडकीतून मला त्याची पाठ दिसते.
थांबतो, कठडा धरतो,
समुद्राकडे बघितल्याचं सोंग करतो,
पुन्हा निघतो.
मी 'शाब्बास' म्हणून ओरडत नाही.
तिकीट फाडते. सुटे परत देते.

वजनाचं विचारू नका.
काटा सेनोबियाकडेच राहू दे.
शर्ट नवा घेतला, उंचीमुळे.

काल पाळी संपली तेव्हा
डबा रिकामा उभा होता, मला फुकट.
का कोण जाणे, जिन्याकडे वळले.
बारा वर्षांत पहिल्यांदा.
कुत्र्याने मला ओळखलं नाही.
साठाव्या पायरीला छातीत भाता सुरू झाला,
कठडा धरला, वळले,
दूर बंदरातल्या क्रेन न्याहाळू लागले,
फार महत्त्वाचं काही चाललंय तिथे, अशा थाटात.

वरून आवाज आला,
"बघ, बघ, आई.
तिथे पोचल्यावर सगळेच समुद्र बघतात."