रकाना सातवा

तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात पंखा खडखडतोय.
माझ्या हातात गुणतक्ता,
समोर प्रणोती तायडे, नोंदणी होऊन अकरा दिवस.

पट्टा बांधते, फुगा दाबते,
नळी कानात, डोळे मिटलेले.
"नाही ऐकू आलं, मॅडम. पुन्हा घेते."

पुन्हा.

तिसऱ्यांदा दुर्पताबाई करवादते,
"हात तोळतं काय वं पोरी माहा?"
"नाही आजी, पंखा बंद करते जरा."

मग त्या घामेजल्या शांततेत
एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे दहा.

माझ्या पहिल्या वर्षी
असाच पंखा होता.
मी एकशेवीस-ऐंशी लिहायची,
सुवाच्य अक्षरात.

सातवा रकाना वेळेचा : मिनिटं चार.
हिला नऊ लागली.
गुण कापले, नियम आहे.

डॉक्टरांना बोलावून झालं.
पंखा मात्र
अजून कुणी लावलेला नाही.